मानाच्या पाहुण्याला कान

आमची बुरुल एजे कुणाला माफ करत नाही. हे मी निंदा म्हणून नाही, कौतुक म्हणून सांगते. ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी तिला एजे, म्हणजे ताई, म्हणते, आणि डोंगरातल्या कुरणावरची सगळी पोरंही एजेच म्हणतात.

तरुणपणी ती खाली गावातल्या शाळेत गणित शिकवायची. एकदा सॉवेतबेक नावाचे तपासनीस आले. वर्गातली पोरं जमिनीवर बसून मेंढीचं दूध मापाने ओतत होती आणि अर्धं-पाव-पाऊण यावरून भांडत होती. साहेबांनी काही विचारलं नाही. एजेच्या हातातला खडू काढून घेतला, तिला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि तास संपेपर्यंत स्वतः शिकवलं. पोरं हसली. हसणारच, पोरंच ती. थोड्याच दिवसांत तिची नोकरीही गेली.

एजेने डूख धरला. रडली नाही, कुणाच्या पाया पडली नाही, सरळ आमच्याबरोबर मेंढ्यांमागे वर कुरणावर आली. मेंढपाळांची पोरं वसंतात शाळा अर्धी टाकून वर येतात आणि खाली उतरेपर्यंत शिकलेलं विसरतात. त्यांच्यासाठी तिने लोकरीच्या जाड नमद्याच्या गोल तंबूत शाळा मांडली. कळप हलला की शाळाही घोड्यावर लादून हलते. लोक म्हणतात, फिरायला सोपं म्हणून तंबू. मी म्हणते, गोल तंबूला कोपरा नसतो म्हणून तंबू.

तिथला एकच नियम. तंबूच्या आत, दारासमोरची मानाची बैठक, जिथे आमच्याकडे सगळ्यात थोर माणूस बसतो, ती ज्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच येत नाही त्याची. उत्तर सगळ्यांनी मिळून शोधायचं, एजेने सांगायचं नाही.

शाळा झकास, पण तिला मान्यता नव्हती. दरवर्षी आमची पोरं खाली गेली की हेडमास्तर त्यांना मागच्याच इयत्तेत बसवायचे. माझा एर्मेक दोनदा बसला. यंदा म्हणाला, "आई, शाळा गेली खड्ड्यात, मी मेंढ्याच राखतो." 

मग निरोप आला की राजधानीतले मोठे शिक्षणतज्ज्ञ शाळा बघायला येणार, आणि त्यांच्या सहीवर मान्यता ठरणार. नाव ऐकलं, तर सॉवेतबेक!

"एजे, जुनं विसर," माझा नवरा जोल्चू हात जोडून म्हणाला. "पोरांचं बघ."

"पोरांचंच बघतेय," एजे म्हणाली. "मेंढा चांगला लठ्ठ काप."

साहेब आले. केस पिकलेले, आवाजात मध. मुलांच्या कलाने शिकवावं यावर आता ते भाषणं देतात म्हणे. एजेशी हात मिळवला, पण ओळख काही पटली नाही. जिला भिंतीकडे उभं केलं तिचा चेहरा कसा लक्षात राहणार! आत येऊन ते सवयीने सरळ मानाच्या बैठकीकडे गेले. तिथे आयपेरी बसली होती, दात पडलेली चिमुरडी.

"सरक गं बाळ, मोठ्यांची जागा आहे ही."

"आज माझी आहे," आयपेरी म्हणाली. "वर खिंडीत बटाटे लवकर का शिजत नाहीत, हा प्रश्न माझा आहे."

साहेब खो खो हसले आणि तिच्या शेजारी टेकले. मग पोरांनी त्यांना खिंडीत नेलं. बटाट्यांचा एक हंडा तिथे, एक खाली ओढ्याकाठी, दोन्हीकडे टोळ्या. साहेबांनी स्वतः चूल फुंकली. परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, आणि ते पाणी धुराचं नव्हतं. "हेच! हेच मी जन्मभर सांगत आलो!" म्हणाले. माझ्या हातातली पळी त्यांच्या टाळक्यात घालावीशी वाटली.

जेवायला सगळे मेंढपाळ जमले. आमच्यात मेंढ्याचं शिजवलेलं मुंडकं सगळ्यात मानाच्या पाहुण्यापुढे जातं. तो आधी कान कापून लहानग्यांना देतो, त्यांनी ऐकायला शिकावं म्हणून. साहेबांनी बाह्या सारल्या. एजेने माझ्या हातातलं मुंडक्याचं ताट घेतलं आणि आयपेरीपुढे ठेवलं. मग सुरीने कान कापला आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला.



"बाई, काहीतरी चुकतंय," साहेब हसत म्हणाले. "कान पोरांना देतात."

"ज्याला ऐकायला शिकायचंय त्याला देतात. तुम्ही माझं ऐकलं नव्हतं." आणि तिने सगळं सांगितलं. दूध, खडू, भिंत. आवाज जरासुद्धा चढला नाही.

साहेबांचं हसू मावळलं. "ती... तुम्ही? अहो, तेव्हा वरून तसेच हुकूम असायचे."

"कोपऱ्यात उभं करायचा हुकूम कुणाचा होता?"

"एजे, पुरे!" जोल्चू कळवळला. मी एर्मेककडे पाहिलं. तो दाराशी बसून जमिनीकडे बघत होता. खरं सांगते, मला भीती वाटत होती, पण आतून आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या.

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "आणि मी सही केली नाही तर?"

"तर तुम्ही तेव्हा होतात तेच आजही आहात, एवढं या सगळ्यांना कळेल."

म्हातारे मेंढपाळ टक लावून बघत होते. वाढलेलं मांस नाकारून आमच्या तंबूतून उठलेल्या माणसाला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही, हे साहेबांनाही ठाऊक होतं. त्यांनी कान तोंडात घातला. कुर्चा चावल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग तेलकट बोटांनीच त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली.

निघताना गाडीपाशी ते एजेला हळूच म्हणाले, "बुरुल, माझं चुकलं. माफ कर."

"अपमान वर्गासमोर, आणि माफी गाडीच्या आडोशाला?"

ते गाडीपासून मागे फिरले. मग टोपी काढून पुन्हा तंबूत शिरले आणि पोरांसमोर उभं राहून म्हणाले, "तुमच्या एजेला मी एकदा कोपऱ्यात उभं केलं होतं. ती बरोबर शिकवत होती. मी चुकलो होतो."

 आयपेरीने लगेच विचारलं, "एजे, मग तू केलंस का त्यांना माफ?"

"नाही," एजे म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "पण सांगितलंत ते बरं केलंत. निघा आता. अंधार पडायच्या आत खाली उतरा, वाट वाईट आहे."