एका गोटीचे इतके बाप

अमरावतीच्या आमच्या विज्ञान मंडळात सभासद व्हायचं तर पेटीतून पास व्हावं लागतं. इंग्रजांच्या राज्यात, विसावं शतक नुकतं उजाडलं तेव्हा, इथल्या चार वकील-डॉक्टरांनी विलायतेतल्या कुठल्याशा सोसायटीची नियमावली उचलली आणि जशीच्या तशी लागू केली. आज सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे, पण मत अजून त्या सागवानी पेटीतच पडतं. पेटीला पुढून एक गोल भोक. त्यात हात घालून उजवीकडे गोटी सोडली की होकार, डावीकडे सोडली की नकार. आत बनातीचं अस्तर, म्हणून आवाजसुद्धा होत नाही. मागच्या अंगाला, अध्यक्षांकडे, दोन खण आणि त्यांवर पितळी पट्ट्या, ‘होय’ आणि ‘नाही’. कोणी काय टाकलं ते कोणाच्या बापाला कळू नये अशी सोय.

मी बडनेऱ्याची. बाबा रेल्वेत गँगमन होते. अकोटच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि हंगामात कपाशीच्या वावरांतून कोळी शोधत हिंडते. त्यातला एक कोळी आजवर कोणी नोंदवलेलाच नाही, असं माझ्या लक्षात आलं. मंडळाच्या वार्षिक सभेत मला तो माझ्या तोंडानं सांगायचा होता. पण नियम असा, की निबंध वाचणार सभासद. बाहेरच्याचा असेल तर एखादा सभासद तो ‘सादर करतो’ आणि मंडळाच्या अंकात नाव त्याचं मोठं छापून येतं, खऱ्या माणसाचं खाली बारीक अक्षरात. म्हणून मला सभासद व्हायचं होतं, दुसरं काही नाही.

माझं नाव सुचवलं माझ्या सरांनी. एम.एस्सी.ला त्यांनीच शिकवलं. आमचं घर बौद्ध. आडनाव कळल्यावर कॉलेजात काही जणांचे चेहरे बदलायचे, ते मला आजही पाठ आहेत. सरांचा चेहरा कधी बदलला नाही. प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी सरळ माझ्या हातात दिली होती. त्या माणसासाठी मी जीव टाकायचे.

निवडीच्या दिवशी मी व्हरांड्यात थांबले होते. पेटी नुकतीच पॉलिश करून आणली होती, तिचा वास बाहेरपर्यंत येत होता. थोड्या वेळानं म्हातारे चिटणीस बाहेर आले. त्यांना माझ्याकडे बघवेना.

“नाही झालं, बाई. सगळे नकार. एकच होकार निघाला.”

एकच! तो सरांचा, यात मला तिळमात्र शंका नव्हती. सर मागून आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मनाला लावून घेऊ नकोस. निबंध मी सादर करतो. काम लोकांपुढं जाणं महत्त्वाचं.” मी तिथंच रडले आणि कागद त्यांच्या हवाली केले.

त्यानंतर सुरू झाली खरी गंमत. दुसऱ्याच दिवशी एका सभासदाचा फोन. म्हणे, तो एक होकार माझा. संध्याकाळी दुसऱ्याचा, तेच. मग चिटणीस. आठवडाभरात एकेक करून सगळ्यांनी, अगदी अध्यक्षांनीसुद्धा, तो होकार आपल्या नावावर लावून घेतला. एका गोटीचे इतके बाप! मला एकेकाची किळस यायला लागली. आत हात घालून गळा कापायचा आणि बाहेर येऊन साखर पेरायची! कोणी “चहा घ्या बाई” म्हटलं तरी वाटायचं, ह्याला काय पाहिजे? माझ्या आडनावाला अडखळलेला नेमका कोण, हे मी प्रत्येकाच्या डोळ्यांत शोधत राहिले. सर तेवढे काही बोलले नव्हते. त्यांना सांगायची गरजच काय होती?

अकोट स्टँडवर एकदा मंडळाचे एक सभासद, जनावरांचे डॉक्टर, भेटले. ते तर पुढंच गेले.

“पोरी, तो होकार माहा होता. आता तूच इचार कर. एकच होता ना? मंग तुह्या सरायनं काय टाकलं?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “डॉक्टरसाहेब, खोटं बोलाले लाज नाही वाटत काय तुमाले? वरून देवमाणसावर चिखल फेकून राहिले!”

तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

वार्षिक सभेला मी पाहुण्यांच्या बाकावर, सगळ्यांत मागं बसले. पुढं सर, मांडीवर माझे कागद. निबंधाआधी एकच ठराव होता. नमुन्यांच्या खोलीचं छत गळत होतं, ते दुरुस्त करायचं. त्यालाही मत पेटीतच, नियम म्हणजे नियम. अध्यक्षांनी खण ओढले आणि बघतच राहिले. सगळ्या गोट्या ‘नाही’मध्ये. होकार एकही नाही.

“अरे, काचेच्या बरण्यांवर पानी गळून राह्यलं अन् नाही कोन म्हनते?” डॉक्टर उखडले. प्रत्येक जण शपथ घेऊन सांगायला लागला, मी होच म्हटलं. शेवटी चिटणिसांनी पेटीत हात घातला, उजवीकडे गोटी सोडली आणि मागं जाऊन पाहिलं.

“अरे बाप्पा! पॉलिशवाल्यानं खण उलटे लावले. ‘होय’च्या जागी ‘नाही’.”

सभेत हशा पिकला. तो ओसरल्यावर अध्यक्ष माझ्याकडे वळले. “म्हणजे बाई, तुमच्या वेळी सगळे होकारच होते. नकार एकच. एका नकारानं आपल्याकडं कोणी अडत नाही. तुम्ही सभासद झालात. या, तुमचा निबंध तुम्हीच वाचा.”

टाळ्या पडल्या. डॉक्टर वळून म्हणाले, “आता तं पटलं ना, पोरी?”

पटलं. सगळेच्या सगळे खरं बोलत होते. उजवीकडे गोटी टाकलेल्या प्रत्येकाला तो एक होकार आपलाच वाटला, म्हणून प्रत्येक जण मला येऊन सांगून गेला. एकच माणूस आला नव्हता. ज्यांना मी खोटारडं म्हटलं ते सगळे समोर हसत होते, आणि मी ज्यांच्यापुढं रडले होते ते सर माझे कागद सावरत उठत होते.

“अभिनंदन,” सर म्हणाले. “मला खात्री होतीच.”

दर वेळी त्यांच्यासमोर गेले की मी आधी वाकायचे. त्या दिवशी ताठ उभी राहिले आणि हात पुढं केला.

“द्या सर. माझा आहे तो.”