पश्चिमेची भिंत

सोसायटीच्या सेक्रेटरींचा सकाळी फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कुणाला लागलं?" मला वाटलं, पश्चिमेच्या भिंतीवरची आणखी एक दगडी लादी पडली. ते म्हणाले, "नाही सार, मॅडम गेल्या. झोपेतच." माझी थोरली बहीण सुमित्रा, आमची अक्का, गेली होती आणि मी दगडाची चौकशी करत होतो. पण खरं सांगतो, तिला तो प्रश्न पटला असता. अलीकडं तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

अक्का आर्किटेक्ट. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेलं, अर्धं कन्नड बोलणारं आमचं मराठी घर. त्यातल्या मुलीनं साइटवर शिड्या चढायच्या म्हणजे केवढा गहजब! ती कुणाला भीक घालणारी नव्हती. इमारतीला बाहेरून काय लावायचं, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दगड असो, वीट असो की रंग, नमुना आधी आमच्या गच्चीवर टाकायचा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढू द्यायचा, मगच होकार. गिऱ्हाइकं कातावायची. "कॅटलॉगमध्ये सगळंच देखणं दिसतं हो, लग्नाच्या फोटोसारखं," ती त्यांना सुनवायची. गच्चीत वाळवणाला जागा म्हणून उरत नसे.

मल्लेश्वरमची सोसायटीची ही इमारतही तिनंच आखलेली. तळमजल्यावर ती स्वतः राहायची. बाहेरून जाड, खडबडीत, मधाच्या रंगाचा दगड, सिमेंटनं चिकटवलेला. आधी तो पहिल्या मजल्यापर्यंतच होता. नंतर वरचे मजले चढले, तेव्हा तिनं तोच दगड तसाच चिकटवत थेट वरपर्यंत नेला. एवढ्या उंचीवर जड लादीला मागून स्टीलचे क्लॅम्प हवेत, हे ती दुसऱ्यांना ओरडून सांगायची. स्वतःच्या घराला मात्र… "इतकी वर्षं जागचा हलला नव्हता रे, शामा. मला वाटलं, या दगडाला मी ओळखते," ती नंतर मला म्हणाली.

एका दुपारी वरची लादी सुटली आणि खालच्या स्कूटरचा चुराडा झाला. स्कूटरवाली मुलगी नुकतीच जिना चढली होती. अक्का पांढरीफटक पडली. परांची बांधून तिनं भिंत ठोकून पाहिली, तर जिथं तिथं पोकळ आवाज. दुपारभर तापायचं आणि संध्याकाळच्या पावसात गार व्हायचं, असं करत करत मागच्या सिमेंटनं दगड सोडला होता. सोसायटीच्या बैठकीत ती उभी राहून म्हणाली, "चूक माझी आहे. सगळा दगड उतरवा." आणि उत्तर काय? "अय्यो अक्का, दगडामुळं तर शोभा! स्वल्प थांबा, फटी बुजवून घेऊ." बुजवल्या हो, फटी बुजवल्या! तिनं किती ऑफिसांत खेटे घातले, कुणी दाद घेतली नाही. वारा सुटला की ती अंगणात जाऊन वर बघत राहायची. तिच्या हृदयाला काय झालं होतं, हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

तेराव्यानंतरच्या रविवारी सकाळी सोसायटीनं शोकसभा ठेवली. मी पोचलो तर खुर्च्या नेमक्या त्याच भिंतीलगत, सावलीत मांडलेल्या. खाली कुणी उभं राहू नये, पोरांनी खेळू नये, म्हणून अक्कानं तिथं निवडुंगाच्या मोठाल्या कुंड्यांची रांग लावली होती. खुर्च्यांसाठी त्या गेटपाशी ढकलून दिल्या होत्या. आणि सेक्रेटरी माइकवरून सांगत होते, मॅडमच्या नावाची पितळी पाटी याच दगडावर बसवू. माझं डोकं सणकलं. "उठा! आधी सगळे उठा इथून!" मी ओरडलो. दुःखानं याचं डोकं फिरलंय, अशा नजरेनं लोक उठले. "सरी सार, सरी," ठीक आहे, ठीक आहे, अशी समजूत घालत सेक्रेटरींनी माझ्या हातात पाणी दिलं.

कुंड्या मी एकट्यानं ओढत जागेवर नेल्या. दगड अजून भिंतीवरच आहे. जमेल तेव्हा मी जयनगरहून मेट्रोनं येतो आणि कुंड्या जागच्या जागी आहेत ना, ते बघतो. परवा एक सरकलेली होती. त्या मोकळ्या जागेत, भिंतीला पाठ टेकून, वरच्या मजल्यावरची चिमुरडी चित्र काढत बसली होती. मी तिला हाताला धरून उठवलं, कुंडी परत ओढली. हातात काटे गेले…

मी तरी किती दिवस पुरणार गं, अक्का?