चहा संपेपर्यंत पुस्तक उघडायचं नाही

झेरॉक्सच्या दुकानात कागदापेक्षा किस्सेच जास्त जमतात. कागद गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से इथंच राहतात! पांढुर्ण्याच्या बसस्टँडजवळच्या दुकानात मी झेरॉक्स, लॅमिनेशन, बाइंडिंग करतो. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून. बोलायला मला जमत नाही. त्यामुळे ऐकलेलं बाहेर पडत नाही, आतच साठत जातं.

आमची चौघांची मंडळी होती. आता तिघांची आहे. मोहगावचे रिटायर झालेले सर, सौंसरच्या दवाखान्यातल्या नर्स शीलाताई, इथले पेंटरकाका आणि मी. जुनी नावाजलेली मराठी पुस्तकं नव्याने छापली गेली की ती जमवायची आणि त्यांची मुखपृष्ठं पाहत बसायचं, एवढाच नाद. गाव मध्य प्रदेशात, इथल्या बाजारात पुस्तकं हिंदी. म्हणून मी मोबाइलवर ऑर्डर करायचो, पार्सल नागपूरहून दुकानावर यायचं आणि रविवारी सगळे जमायचे.

*

सरांचा एक नियम होता. पार्सल फोडायचं, पुस्तक टेबलावर ठेवायचं, चहा मागवायचा. चहा संपेपर्यंत पुस्तक उघडायचं नाही. फक्त मुखपृष्ठ पाहायचं.

मला हे माहीत नव्हतं. पहिल्याच रविवारी मी पुस्तक उचललं आणि पान उलटलं. सरांनी माझा हात धरला.

"कोणाच्या घरी गेलास की सरळ स्वयंपाकघरात घुसतोस का रे? आधी अंगणात उभा तर राहा!"

मी इतका लाजलो की त्या दिवशी चहासुद्धा प्यायलो नाही.

*

शीलाताईंकडे एकाच कादंबरीच्या तीन प्रती आहेत. तिन्हींचं मुखपृष्ठ वेगळं. तिसरी आली तेव्हा त्यांचे मिस्टर त्यांना घ्यायला दुकानात आले होते. त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं.

"यातली गोष्ट बदलली का?"

"नाही."

"मग काहून घेतलं?"

ताई पिशवीत पुस्तक ठेवत म्हणाल्या, "तुम्ही तरी कुठं बदलले? शर्ट तर नवे घेताच ना!"

*

मी स्वतःसाठी पहिलं पुस्तक घेतलं ते निळ्या मुखपृष्ठाचं. त्याला पारदर्शक पन्नी चढवली आणि काउंटरच्या मागे उभं करून ठेवलं. रामाकोन्याचा एक माणूस शेताचा खसरा लॅमिनेट करायला आला. त्याला ते फार आवडलं.

"काय आहे यात?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"तुमचंच आहे ना?"

"हो."

तो हसत गेला. शीलाताई तिथंच बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "वाचत काहून नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पान दुमडेल म्हणून. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग मला खरं सांगावं लागलं. म्हणालो, "समजलं नाही तर?"

"तर पुन्हा वाच. इथं तुले नापास करायला कोण बसलं आहे?"

ते पुस्तक मला दोनदा वाचावं लागलं.

*

पेंटरकाकांनी सगळी उमर दुकानांच्या हिंदी पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आला आणि ब्रश डब्यात गेले. पण तरुणपणी नागपूरच्या एका प्रकाशकानं त्यांच्याकडून मराठी कादंबरीचं मुखपृष्ठ करून घेतलं होतं. आयुष्यातलं एकच. आठवडी बाजार उठला आहे आणि एक बाई रिकाम्या टोपल्याजवळ बसली आहे. मागे बैलबंड्या, छत्र्या, माणसं, कुत्री, वर लालभडक आभाळ.

सरांनी चित्र नीट पाहून विचारलं, "काका, या कादंबरीत बकरी कुठं आहे हो?"

"कादंबरीत नाही सर. पण कोपऱ्यात जागा उरली होती!"

मागच्या वर्षी काकांना लकवा झाला. उजवा हात गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत बातमी आली की ती कादंबरी पुन्हा निघते आहे. काका काठी टेकत दुकानात आले.

"माझं चित्र पुन्हा येऊन राहिलं बे!"

सरांनी हळूच विचारलं, "त्यांनी तुम्हाला तसं कळवलंय का?"

"कळवायचं काय त्यात? पुस्तक तेच, तर चित्रही तेच राहीन ना!"

बदललेली कितीतरी मुखपृष्ठं आमच्यासोबत पाहिलेला माणूस हे बोलत होता. सरांनी चहा मागवला. मी मोबाइलवर ऑर्डर टाकून ठेवली.

*

उन्हाळ्यात सर गेले. तेरवीनंतरच्या रविवारी त्यांनी मागवलेलं पार्सल आलं. वर त्यांचंच नाव.

आम्ही तिघांनी ते फोडलं. पुस्तक टेबलावर ठेवलं. सवयीनं चहा आला, चार कप. मुखपृष्ठावर एक पांढरा घोडा होता, फार सुरेख. ताईंनी कप उचलला तेव्हा काका म्हणाले, "आज कोणी चहा संपवू नका बाप्पा."

सगळे कप भरलेलेच परत गेले.

*

काका रोज दुकानात यायचे. "आलं का?" मी नकारार्थी मान हलवायचो. पण पुस्तकाआधीच नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठाचा फोटो मोबाइलवर आला होता. पिवळं कोरं पान आणि मधोमध एक रिकामं टोपलं. दुसरं काही नाही. मी तो ताईंना दाखवला.

"तूच सांग," त्या म्हणाल्या. "मी रोज लोकांना वाईट बातम्या देते. ही माझ्यानं नाही होणार."

माझ्यानंही झालं नाही. पुस्तक आलं त्या रविवारी मी वेगळंच केलं. काकांची जुनी प्रत बाइंडिंगसाठी दुकानातच होती. तिचं मुखपृष्ठ स्कॅन केलं, फाटलेले कोपरे कॉम्प्युटरवर भरले, जाड कागदावर रंगीत प्रिंट काढली आणि नव्या पुस्तकावर बरोबर घडी घालून चढवली. वरून पन्नी. कोणाला ओळखू आलं नसतं.

ताई आल्या, मग काका आले. मी पुस्तक समोर ठेवलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

काकांनी डाव्या हातानं चष्मा लावला. बाजार पाहिला, बाई पाहिली. आभाळावर अंगठा फिरवला आणि तिथंच थांबवला.

"हा लाल तुझ्या मशीनचा आहे."

मी खाली पाहिलं.

"मी असा लाल कधी लावला नाही. खालचं दाखव."

"काका..."

"दाखव बे."

मी वरचा कागद काढला. पिवळं पान समोर आलं. काकांनी पुस्तक दूर धरलं, मग जवळ घेतलं. बाहेर छिंदवाड्याची बस लागली, भरली आणि निघून गेली, तरी ते पाहतच होते.

"हे काढणारा पोरगा असंन कोणी?" त्यांनी विचारलं.

"मुलगी आहे," ताई म्हणाल्या. "आत नाव दिलं आहे."

"एका टोपल्यात अख्खा बाजार उठवला तिनं." काकांनी पुस्तक हलकेच टेबलावर ठेवलं. "माझ्यानं नसतं झालं."

मी नवं पुस्तक पिशवीत घालायला घेतलं. काकांनी काठी आडवी केली.

"थांब. वरचं पुन्हा चढव. बरोबर चढव, घडी दिसली नाही पाहिजे. तुझी काकू गल्लीतल्या बायकांना घेऊन माझं चित्र पाहायला ओसरीत बसली आहे."