आठ दिवसांच्या बोलीवर आणलेलं मशीन

मी चौथी नापास आहे आणि मला आजपर्यंत कुणी फसवलेलं नाही. यंदाच्या पावसाळ्यातही फसवलं नाही. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात ही हकीगत वेगळी सांगतात.

माझा मुलगा शेखर एमआयडीसीत कामाला आहे. एका रविवारी पोहे खाता खाता तो म्हणाला की घरबसल्या कॉइन काढणारं मशीन मिळतं, आपण एक घेऊ या. मी विचारलं, कसला कॉइन? तर म्हणे हातात न येणारा. दिसतो का? नाही. वाजतो का? नाही. मग आहे कशावरून? तर म्हणे जगभर ही मशिनं मोठमोठी गणितं सोडवत बसतात, त्याचे कॉइन मिळतात आणि ते खात्यात जमा होतात. (मला चौथीत गणितानेच बसवलं. गणितं करून कुणाचं भलं होतं, हे मला पटणं कठीणच.)

शेखर मला का विचारतोय ते मला ठाऊक होतं. खरवईची जमीन बिल्डरला दिली, त्यातली उरलेली ठेव बँकेत माझ्या सहीवर आहे. म्हशी विकल्या आणि फ्लॅटात आलो, तेव्हापासून घरात मला कुणी काही विचारत नाही. सोफा कुठला, टीव्ही केवढा, सगळं परस्पर ठरतं. सही लागली की मात्र मी बाबा! आणि आमची ही, म्हणजे शेखरची आई, केव्हापासून म्हणत होती की ठेवीचा कागद माझ्या कपाटात ठेवा, तुम्ही कुणाच्या तरी नादाला लागाल. माझी शेवटची सत्ता त्या एका कागदात होती. म्हणून मी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "मशीन मी निवडणार. माझी निवड चुकली तर कागद हिच्या कपाटात."

"शेखर, ऐकलंस ना?" ही म्हणाली. "तू साक्षीला."

माझ्याकडे चाळीस वर्षांचा अनुभव होता. मशिनांचा नव्हे, म्हशींचा. पण पारख ती पारख. म्हसा गावच्या जत्रेतून मी इतक्या म्हशी आणल्या, एक भाकड निघाली नाही. विकणारा जिची तारीफ करतो ती घ्यायची नाही, जी मागे बांधून ठेवतो ती बघायची. आणि आपल्या गोठ्यात चार वेळची धार काढून बघितल्याशिवाय पैशाला हात लावायचा नाही.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये मनूशेठ नावाचा शेखरच्या ओळखीचा दुकानदार होता. आम्ही टेकतोय तोच त्याने चहा मागवला. मी घेतला नाही. (चहा पाजणारा तो किमतीत काढतो.) त्याने जेवणाच्या डब्याएवढं एक मशीन पुढे केलं. म्हणाला, काका, घरासाठी हे एकदम बेस्ट, आवाज नाही, गरम होत नाही, लाइट बिल नावापुरतं. कॉइन लागला तर नशीब, नाहीतर शोपीस. इतकी तारीफ ऐकल्यावर ते बादच. शिवाय जे जनावर खात नाही ते देणार काय?

मी दुकानात फिरलो. मागच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली एक थोराड मशीन होतं, पुढेमागे पंखे. मी गोणपाट उचलला तसा मनूशेठ घाईने उठला. "काका, ते सोडा. सेकंड हॅन्ड आहे. घरात नाही चालत, लाइट लई खातो."

झालं! दुकानदार स्वतः सांगतो घेऊ नका, म्हणजे माल त्याने स्वतःसाठी झाकून ठेवलाय. मी त्याच्या पाठीवर थाप मारली (मशीनच्या). जाळीतून आत डोकावलो. जाळी म्हणजे दातच की, कुठे झिजलेले नव्हते. उचलून बघितलं तर कमरेत कळ आली. मी म्हणालो, "हेच. पण आठ दिवस माझ्या घरी राहील. धार बघीन, मग पैसे."

मला वाटलं तो नाही म्हणेल आणि मग आमची रीतसर घासाघीस होईल. तो जरा वेळ मशीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चालेल काका. घेऊन जा."

इतक्या सहज हो? टेम्पोत बसल्यापासून माझा संशय दुणावला. याने यात नक्की काहीतरी घातलंय. मी शेखरला बजावलं, आधार नाही, मोबाइल नंबर नाही, आपली कुठलीही माहिती या मशीनच्या पोटात जाता कामा नये.

घरी आल्यावर शेखरने वायरी जोडल्या आणि म्हणाला, "बाबा, यात आपलं खातं टाकावं लागतं."

"टाकायचं नाही."

"अहो, मग कॉइन जाणार कुठे?"

"शेखर, म्हैस धार द्यायच्या आधी खातं विचारते का?"

त्याने हात जोडले. मग बटण दाबलं.

असा आवाज मी बिल्डरच्या जेसीबीचाही ऐकलेला नाही. पाच मिनिटांत वरच्या मजल्यावरचे म्हात्रे दारात हजर. त्यांनी विचारलं, गिरणी टाकली का, आमचे पाच किलो गहू आहेत. हॉलमध्ये भट्टी पेटल्यासारखी गरम हवा. मिक्सर लावला की सगळ्या घराची लाइट जायची, म्हणून मी मिक्सर बंद केला. मग गिझर बंद केला. मग इस्त्री. घरातल्या बाकीच्या यंत्रांनी माझ्या मशीनसाठी वैरण सोडली. हिने मात्र दुसऱ्याच दिवशी मशीनसमोर दोरी बांधली आणि आठवडाभर न वाळलेले कपडे टाकले. तासाभरात कडक. तिसऱ्या दिवशी म्हात्रेवहिनींच्या साड्याही आमच्याकडे आल्या.

मी खुर्ची टाकून मशीनपुढे बसून राहिलो. हिरवा दिवा लुकलुकत होता, शेखरच्या मोबाइलवर आकडे चढत होते. धार चांगली होती.

मनूशेठचा फोन पहिल्याच दिवशी आला. काका, तेवढं आत तुमचं खातं टाकून घ्या. मी म्हणालो, खात्याचं नाव पुन्हा काढलंस तर पोलिसात जाईन. दुसऱ्या दिवशी त्याने परत तेच सांगितलं, मी परत पोलीस काढले. तिसऱ्या दिवसापासून माणूस सरळ झाला. खात्याचा विषय नाही. नुसतं, काका तब्येत कशी आहे, मशीन चालू आहे ना, आरामात ठेवा, घाई नाही. मी घरात सगळ्यांना ऐकवलं, व्यापाऱ्याला कसं वठणीवर आणायचं ते बघा. आणि तो रोज 'चालू आहे ना' विचारतो, म्हणजे त्याला मशीन दम टाकेल अशी भीती आहे. मग मी ते एक मिनिट बंद केलं नाही. दम कुणाचा जास्त, बघू!

आठव्या दिवशी दुकानात गेलो. या खेपेला चहाही घेतला.

"मशीन पास," मी म्हणालो. "आठ दिवसांचं किती निघालं ते दाखव, मग पैशाचं बोलू."

मनूशेठने मोबाइल पुढे धरला. "मस्त निघालं काका."

"कुणाच्या खात्यात?"

"माझ्या. मशीनमध्ये माझंच खातं होतं ना. मी दोनदा बोललो, बदला. तुम्ही पोलिसात जाणार होते."

शेखर दुकानाचा पंखा बघत होता.

तर हिशेब एवढाच. वैरण माझी, गोठा माझा, राखण माझी आणि दूध त्याचं. यात फसवणूक कुठे आहे ते मला कुणीतरी दाखवा. त्याने घेऊ नका सांगितलं होतं, खातं बदला सांगितलं होतं. बिलाच्या धास्तीने जे जनावर तो स्वतःच्या दुकानात बांधत नव्हता, त्याला मी मखरात बसवून चारलं.

घरी येऊन मशीन टेम्पोने परत धाडलं आणि झालेलं सांगितलं. ही सगळं शांतपणे ऐकत होती. हसली असती तर मी भांडलो असतो. तिने फक्त विचारलं की चादरी वाळायच्या आहेत, तेवढे दोन दिवस थांबता आलं नसतं का. आणि हात पुढे केला. मी कागद दिला. महिनाअखेरीस लाइटचं बिल आलं. त्यावरचा आकडा इथे लिहीत नाही. ते बिलही तिने त्याच कपाटात, त्याच कागदाला टाचणी लावून ठेवलंय.

गेल्या आठवड्यात मनूशेठचा फोन आला. काका, तुमच्यासारखा पारखी माणूस उभ्या उल्हासनगरात नाही. नवा माल आलाय, या वेळी दोन मशिनं पाठवू का? महिनाभर ठेवा, धार बघा, पैशाची घाई नाही. खरं सांगतो, पारखी म्हटल्यावर माझी मान ताठ झाली. पण मी काही कच्चा नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाला शोभेल अशा आवाजात मी त्याला सांगितलं, "थांब. हिला विचारून सांगतो."