गोळ्याएवढा गोळा

यॉर्कशायरच्या त्या गावात जत्रेतल्या आल्याच्या केकच्या स्पर्धेचा चषक वर्षानुवर्षं मॉरीन ओल्डरॉइडच्या कपाटावर होता. यंदा जत्रेच्या तोंडावर तिचं मनगट मोडलं, आणि चषक आता शेजारच्या ब्रेंडाकडे जाणार, ही बातमी खुद्द ब्रेंडानेच गावभर केली. मॉरीनचा नवरा सेल्विन हा निवृत्त गवंडी. स्वयंपाकात त्याची मजल उकडलेल्या अंड्यापर्यंतच. तो म्हणाला, "मी करतो. तू नुसतं सांग."

मॉरीन खुर्चीतून सांगू लागली. "लोण्याचा गोळा घे."

"केवढा?"

"गोळ्याएवढा. मग काकवीचा लपका, दुधाची धार, मिठाची चिमूट."

"अगं, नीट माप सांग की."

"सिमेंटच्या मालात पाणी किती, असं हाताखालच्या माणसांनी विचारलं की तू काय सांगायचास?"

"एक शिपका."

"केवढा?"

जन्मभर सेल्विनने वाळू फावड्याने आणि पाणी शिपक्याने मोजलं होतं, आणि त्याची एकही भिंत पडलेली नव्हती. त्याने वजनकाटा कपाटात ठेवला, बाह्या वर सारल्या आणि थापीवरून माल संथ घसरावा, तसं पीठ कालवलं.

जत्रेत परीक्षकबाईंनी दुसरा तुकडा मागून घेतला, तेव्हाच निकाल लागला. ब्रेंडाने चेहरा सावरत कृती विचारली.

"सोपी आहे," सेल्विन म्हणाला. "आधी लोण्याचा गोळा घ्यायचा."

"केवढा?"

"गोळ्याएवढा," तो म्हणाला, आणि चषक काखोटीला मारून मॉरीनकडे निघाला.