मुसब्बहकडे न विचारता आलेला पाहुणा

आखाती वाळवंटातल्या धैद गावात मुसब्बहच्या बैठकीचं दार पहाटेच्या नमाजापासून सताड उघडं असतं, आणि गेल्या दोन वर्षांत त्या दारातून आत काय आलं म्हणाल, तर वाळू. माणसं येत नव्हती असं नाही. पण ती आधी फोन करायची. "काका, घरी आहात ना? पाचला येऊ की साडेपाचला?" हे ऐकलं की मुसब्बहच्या दाढीचा केस न् केस ताठ व्हायचा. "विचारून येतो तो पाहुणा कसला? तो मीटर वाचायला येणारा!" असं म्हणून तो पितळी किटलीतली कॉफी स्वतःच ओतायचा, स्वतःच प्यायचा आणि स्वतःलाच "आणखी घ्या" असा आग्रह करायचा.

वय एकाहत्तर. चाळीस वर्षं त्याने वाळवंटातल्या शेतांवर पाण्याचा टँकर चालवला होता. आता गुडघे कुरकुरायचे. डॉक्टर म्हणाला, रोज चाला. जुलैत बाहेर चालणं म्हणजे तव्यावर चालणं, म्हणून मुसब्बहने पालिकेची फुलपाखरांची बाग धरली. काचेचं छप्पर, आत झाडी, कारंजं, आणि ज्येष्ठांना कायमचं फुकट कार्ड. दर मंगळवारी दुपारी तो इस्त्रीचा पांढरा झगा घालून तिथे हजर. आत शिरताच नेहमीचं वाक्य, "एवढं हिरवं आणि एक बकरी नाही!" मग फेरी. शाळेची सहल भेटली की तो मुलांना फुलपाखरांची माहिती द्यायचा, सगळी मनची. "तो नारिंगी बघितलात? सरळ म्हणून उडत नाही. आमच्या साडूची जात."

बागेतून बाहेर पडताना दोन दारं लागतात आणि मधे मोठा आरसा. तिथे जोजी नावाचा केरळचा पहारेकरी उभा असतो. फुलपाखरू कपड्यांना चिकटून बाहेर जाऊ नये म्हणून तो प्रत्येकाला मधाळ आवाजात सांगतो, "सर, हळूऽ गोल फिरा. आता दुसऱ्या बाजूने. थँक्यूऽ." त्या मंगळवारी मुसब्बहचा गुडघा ठणकत होता. "मी काय लग्नात नाचायला आलोय?" म्हणत तो न फिरताच बाहेर पडला.

घरी पोचला तेव्हा बायको शमसा दारातच थबकली. मोठा मुलगा दलमूक, म्हणून सारं गाव आणि तीही त्याला बू दलमूक, म्हणजे दलमूकचे वडील, म्हणते.

"बू दलमूक, तुमच्या डोक्यावर कोणीतरी बसलंय."

डोक्याच्या रुमालाच्या घडीत पंज्याएवढं निळंशार फुलपाखरू होतं. ते पंख मिटत, उघडत होतं.

"हलू नकोस," मुसब्बह कुजबुजला. "पाहुणा आलाय."

"किडा आहे तो!"

"न विचारता आला. दारातून आला. माझ्या डोक्यावर बसून आला. पाहुण्याला आणखी काय शिंगं असतात?"

मग काय, वाडवडिलांचा कायदा लागू झाला. आलेल्याला तीन दिवस आणि वर एक तृतीयांश दिवस ठेवून घ्यायचं, का आलास हे विचारायचं नाही, आणि त्या काळात कोणी मागितला तरी हवाली करायचा नाही. मुसब्बहने हिशेब केला. शुक्रवारची रात्र. पाहुण्याला गारठा सोसत नसणार म्हणून त्याने बैठकीतला एसी बंद केला. जुलैत! घामाने झगा पाठीला चिकटला.

"माझी बहीण कुडकुडत होती तेव्हा 'चादर घे' म्हणालात," शमसा म्हणाली.

"तुझी बहीण फोन करून आली होती."

चांदीच्या तबकात खलास जातीचे पहिल्या तोडीचे खजूर मांडले. पाहुण्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तो तरंगत स्वयंपाकघरात गेला, आणि शेळ्यांसाठी बाजूला काढलेल्या सडक्या आंब्याच्या सालींवर बसून सोंड पसरून रस ओढू लागला. शमसा हसून हसून ओट्याला टेकली. "बघा हो, काय राजेशाही जीभ!"

"प्रवासाचा शीण आहे. तोंडाची चव गेलीय," मुसब्बह म्हणाला आणि सालींचं ते घमेलं चांदीच्या तबकात ठेवून दोन्ही हातांनी बैठकीत घेऊन आला.

आता एकच कर्तव्य उरलं होतं, पाहुण्याच्या घरच्यांना निरोप देणं. त्याने बागेत फोन लावला. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपले स्वागत आहे." मुसब्बहने रीतीप्रमाणे तिची खुशाली विचारली, आईवडिलांची विचारली, गुराढोरांची विचारली. ती म्हणाली, "अरबीसाठी एक दाबा." "देव तुझं भलं करो," म्हणत त्याने एक दाबला. मग बागेची तरुण व्यवस्थापिका मैथा आली.

"काळजी करू नका," मुसब्बह म्हणाला. "तुमचा माणूस माझ्याकडे सुखरूप आहे."

"आजोबा... कुठला माणूस?"

"निळा."

मैथाने कपाळाला हात लावला असणार, आवाजावरूनच कळत होतं. "आजोबा, ती पाखरं दूर देशाहून आणलेली. एकही बाहेर जाता कामा नये. जो नेईल त्याचं कार्ड कायमचं रद्द. उद्या तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजाआधी परत आणा. तोवर मी अहवालात काही लिहीत नाही."

"शुक्रवारच्या रात्रीपर्यंत तो माझा."

"उद्या अस्र, आजोबा." फोन बंद.

बुधवारी दुपारी मुसब्बह कार्ड मांडीवर घेऊन बसला होता. त्यावर त्याचा फोटो होता, नाक जरा जास्तच मोठं आलेला. कार्ड गेलं की मंगळवार गेला, आणि मंगळवार गेला की आठवड्यात उरतं काय?

"देऊन टाका," शमसा म्हणाली. "मंगळवारी तुम्ही घरात बसलात तर मी माहेरी जाईन."

"दाराशी आलेल्याला मुसब्बहने बाहेर काढलं, असं व्हायचं?"

"कळणार कोणाला?"

"मला."

शमसाने दुसरा आंबा सोलून तबकात ठेवला.

तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज झाला. "सलाम आलेकुम!" मैथा उभी होती. ना फोन, ना निरोप. मुसब्बहचा चेहरा असा उजळला की एसी नसल्याचं तोही विसरला. या, बसा, आई कशी, बाबा कसे, उंट कसे. उंट नव्हतेच, तरी मैथाने ते बरे आहेत म्हणून सांगितलं. त्याने कॉफी ओतून दिली. मैथाने कप उजव्या हाताने घेतला, समोर गालिच्यावर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन गप्प बसली.

मुसब्बहचं हसू जागच्या जागी थिजलं. असा कप खाली ठेवणारा काहीतरी मागायला आलेला असतो. यजमान 'दिलं' म्हणत नाही तोवर तो घोट घेत नाही. आणि भरला कप तसाच टाकून पाहुणा उठला, तर यजमानाने गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

"कोणी शिकवलं हे तुला?"

"आजीने. ती मदाम गावची."

"मदामच्या बायका!" मुसब्बह पुटपुटला. पडद्याआडून शमसा खुदकन हसली.

"कॉफी निवतेय, आजोबा."

"दिसतंय मला."

"वेलदोडे सढळ हाताने घातलेत. काय वास सुटलाय!"

"पोरी, छळू नकोस."

कपावरची वाफ विरळ होत गेली. एका बाजूला निळा पाहुणा, दुसऱ्या बाजूला काळ्या अबायातली पाहुणी. एकाला राखावं तर दुसरी उपाशी उठते. मुसब्बहने एकदा तबकाकडे पाहिलं, एकदा कार्डाकडे, मग डोळे मिटले.

"पी. मागशील ते दिलं."

मैथाने घोट घेतला. आणखी दोन कप घेतले, मग पुरे म्हणून कप हलवला. मुसब्बह भिंतीकडे तोंड करून बसला होता. ती निळ्या पाहुण्याला उचलून नेईल, ते त्याला बघायचं नव्हतं.

"मी तुमचा पाहुणा मागायला नाही आले," मैथा म्हणाली. "माझ्याकडे जेवायला चला. आत्ता, बागेत. आईने मटणभात दिलाय. आणि तुमच्याकडे जो कोणी उतरला असेल त्यालाही आणा. पाहुण्याचा पाहुणा तो आमचाही."

मुसब्बह हळूहळू वळला. "म्हणजे मी त्याला हवाली करत नाहीये."

"छे. तुम्ही सोबत घेऊन येताय."

"आणि कार्ड?"

"अहवाल लिहायचा होता खरा. पण घरी जेवायला माणसं आलेली असताना लिहायला कोण बसतं? लवकर चला, अस्र होईल."

खजुरावरची जाळी तबकावर उपडी घालून मुसब्बह मैथाच्या गाडीत पुढे बसला. काचा बंद, एसी बंद. शमसा मागे वहीने वारा घेत होती. "लग्नात मला न्यायला आलात तेव्हा एवढी काळजी नव्हती घेतली!" मुसब्बहने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गाडी खड्ड्यातून गेली की तो तबक अधांतरी उचलून धरत होता.

बागेत त्याने जाळी काढली. निळं पाखरू थोडा वेळ तिथेच राहिलं, मग उठलं, कारंज्यावरून गेलं आणि पानांत दिसेनासं झालं. मुसब्बह मान वर करून बराच वेळ उभा राहिला.

मैथाने वडाच्या सावलीत चटई टाकली होती. मुसब्बहने सवयीने बाह्या सारल्या आणि परातीतले मटणाचे मोठे तुकडे वेचून मैथापुढे सारायला लागला.

"आजोबा, हात मागे. आज तुम्ही पाहुणे."

तो बसला. हात मांडीवर ठेवले, मग गुडघ्यावर, मग पुन्हा मांडीवर. चाळीस-पन्नास वर्षांत कोणी त्याच्यापुढे असं वाढलं नव्हतं. सगळ्यांना वाढायचं काम त्याचंच असायचं. मैथाने मऊसा तुकडा त्याच्यापुढे ठेवला.

"घ्या ना."

"घेतो, घेतो," तो म्हणाला, आणि मान खाली घालून जेवू लागला.

"लाजताहेत," शमसा मैथाला म्हणाली. "अजून वाढ. नाही म्हणतील, ऐकू नकोस."