काचघरातली देवी

संक्रांत झाली आणि आत्यानं पोहरादेवीचा हट्ट धरला. मी म्हटलं, जाऊ, पण वाट थोडी वाकडी करून किन्हीराजाजवळचं काचघरही पाहू.

वाशीमहून मालेगावपर्यंत मोटार मिळते. पुढे बैलांची दमणी ठरवावी आणि हाडं शाबूत हवी असतील तर तीत गादी टाकून घ्यावी. आमच्या गाडीवानानं कडब्यावर भागवलं होतं.

काचघर म्हणजे वामनरावांचं राहतं घर. हा गृहस्थ मुंबईला चित्रकला शिकून आला. आता शेती सांभाळून खिडक्यांत रंगीत काचा बसवतो, फुटक्या चिनी मातीची चित्रं भिंतींवर जडवतो आणि येईल त्याला दाखवतो. तिकीट नाही, उलट भाकर-ठेचा मिळतो. दिवाणखान्यात तांबडा-निळा उजेड धोतरावर पडला आणि मी लहान पोरासारखा जागच्या जागी फिरलो.

समोरच्या भिंतीवर त्यांच्या आईचं चित्र होतं. त्यासाठी तिच्या माहेरच्या लोणच्याच्या बरण्या त्यांनी न विचारता फोडल्या होत्या. तेव्हापासून म्हातारीनं या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

"मायनं एकदा पाहावं, बस," वामनराव म्हणाले. "मंग दुसरं कोणी नाई आलं तरी चालते."

वळून पाहतो तर आत्यानं चित्राला हळदकुंकू वाहिलेलं. देवी समजून ती सुनेसाठी मोठ्यानं नवस बोलत होती. ओसरीवरच्या म्हातारीनं ते ऐकलं आणि ती तरातरा आत आली.

"बाई, देवी नाई ते. मी आहो," म्हणत तिनं कुंकू पुसायला पदर उचलला, आणि हात तिथंच थांबला. मग ती चित्राच्या नाकावरून बोट फिरवत राहिली.

"हे नाक माह्या मायचं आहे. तू तं तिले पाह्यलंच नाई. तुले कसं जमलं रे?"

"तुह्याच नाकाकडे पाहून केलं."

यावर तिनं लेकाला बरण्यांवरून पोटभर झापलं. वामनराव मान खाली घालून हसत होते, आणि डोळे पुसत होते.

पोहरादेवी करून आम्ही घरी आलो. नवस फेडायला काचघरातच जायचं, असं आत्याचं ठाम म्हणणं आहे. लोक मला खिडक्यांच्या रंगांबद्दल विचारतात, मी हौसेनं सांगतो. पण मनात राहिलंय ते निघतानाचं. दमणीपर्यंत पोचवायला एकटे वामनराव आले होते. माय आतच होती, चित्रासमोर पाट टाकून तूर निवडत.